अळंबीच्या नावावर

खिशात काही लपवायचं असेल, तर माणसाने लाँड्रीतल्या बाईशी लग्न करू नये. एवढी साधी गोष्ट सव्वीस वर्षांच्या संसारात लिफ्टच्या मेकॅनिकला कळली नव्हती. आता याला ती तरी काय करणार?

लाँड्रीत कपडा आला की आधी खिसे. मग डाग, मग धुणं, मग इस्त्री. दिवसाला शे-दीडशे खिसे तिच्या बोटांखालून जायचे, आणि लोक खिशात काय ठेवतील याचा नेम नाही. दाढीची पाती, कवळी, प्रेमपत्रं, एका वकिलाच्या कोटात तर अर्धा उकडलेला बटाटा. हाताला सवयच लागली होती. घरातसुद्धा खुंटीवर पँट दिसली की बोटं आधी आत जायची, डोकं मागून यायचं.

त्या सोमवारी सकाळी नवरा न्हाणीघरात होता आणि त्याची पँट खुंटीवर. पँटच्या उजव्या खिशाच्या तोंडाशी एक चिमुकला खिसा असतो, ज्याचा जगात कुणाला काही उपयोग नसतो. त्यात तिचं बोट गेलं आणि कागदाची पुडी लागली. उघडली. आत गोळी. पांढरी, गोल, बारीक, एका बाजूने ओली होऊन वाळलेली. काल रात्री जेवणानंतर तिने स्वतः त्याच्या तळहातावर ठेवली होती ती. त्याने तोंडात टाकली होती, वरून ग्लासभर पाणी प्यायला होता, आणि ढेकरही दिला होता. मेला नाटकी!

ती पलंगाच्या कडेवर बसली.

कारण ही काही खोकल्याची गोळी नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी दहाव्या मजल्यावरच्या मशीनरूममध्ये काम करताना त्याच्या छातीत कळ आली होती. त्याच इमारतीची लिफ्ट त्याने स्वतःच उघडून ठेवलेली, त्यामुळे त्याचा जोडीदार बारक्या याने त्याला पाठुंगळी घेऊन दहा मजले जिन्याने खाली आणलं. बारक्या हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे. त्याचे शर्ट इस्त्री करायला टेबल पुरत नसे. दवाखान्यात हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला. निघताना डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "कोलेस्टेरॉलची ही गोळी चुकवायची नाही. एक दिवससुद्धा नाही." आणि तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यांना शांत ठेवा. भांडणतंटा, आरडाओरडा, काही नको."

आता घ्या! गोळी चुकवतोय म्हणून ओरडावं, तर ओरडायचं नाही. न ओरडावं, तर गोळी चुकतेय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तो का चुकवत होता हेही तिला ठाऊक होतं. गोळी सुरू झाल्यावर चौथ्याच दिवशी मांड्या चोळत म्हणाला होता, "पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात गं." तिने म्हटलं, डॉक्टरांना सांगा. तर म्हणे, "वेडी आहेस का? कंपनीच्या कानावर गेलं तर?" कंपनीने त्याला चार महिन्यांची रजा दिली होती. त्यानंतर तपासणी. रक्त बरं, पाय बरे, तर पुन्हा लिफ्टच्या शाफ्टमध्ये. नाहीतर ऑफिसात खुर्ची आणि पुढ्यात टेलिफोन, "कितव्या मजल्यावर अडकलात, घाबरू नका," म्हणत बसायचं. तीस वर्षं अंधाऱ्या खोबणीत शिडीवर उभं राहून दोरांना ग्रीस लावलेल्या माणसाला खुर्ची म्हणजे शिक्षाच.

आणि गोळीऐवजी त्याने काय धरलं होतं? अळंबी!

फोनवर कुठेतरी वाचलं, व्हिडिओ पाहिले, आणि झाला ना महाशयांना साक्षात्कार. शिताके. लाकडावर वाढणारी, तपकिरी छत्रीची, जाड मांसल अळंबी. "यात असं एक द्रव्य असतं," तो तिला बोट नाचवून सांगायचा, "जे कोलेस्टेरॉल खाली आणतं. उंदरांवर करून बघितलंय." ती म्हणायची, "तुम्ही उंदीर आहात का?" पण त्याचं चालूच. तंतू भरपूर, चरबी नावाला नाही, शरीराची प्रतिकारशक्ती वाढते, आणि छत्र्या उलट्या करून उन्हात ठेवल्या की त्यांत ड जीवनसत्त्व तयार होतं. दुकानातून वाळवलेल्या शिताकेंचं पाकीट आलं. रोज रात्री त्यांचं सूप करायचं असा हुकूम सुटला. आणि घरीच ताजी पिकवायची म्हणून पार्सलने दोन ठोकळे मागवले गेले. लाकडाच्या भुशाचे, विटेएवढे, प्लास्टिकच्या पिशवीत, आतून बुरशीने पांढरे झालेले. ते न्हाणीघरात स्टुलावर बसले. अंघोळीला बसलं की ते दोघे आपले बघत असायचे.

तिला सूप करायला हरकत नव्हती. चव खरंच चांगली होती, मटणाच्या रश्शाला जवळची. पण सुपाने शाफ्ट चढता आला असता, तर दवाखाने कशाला बांधले असते?

न्हाणीघरातून पाण्याचा आवाज थांबला. आता तो ठोकळ्यांची तपासणी करणार. त्याला दहा मिनिटं लागायची, कारण दाराला त्याने लिफ्टसारखं कार्ड लटकवलं होतं. तारीख, हवामान, रंग, "तपासले", सही. ती हातातल्या पुडीकडे बघत बसली. ही पुडी तो सकाळी फिरायला जाताना कुठेतरी गटारात फेकणार. तिने काढून घेतली, तर त्याला कळणार. मग भांडण. मग छाती.

कोपऱ्यात तिचा शिवणाचा डबा होता. लाँड्रीत तुटलेली बटणं ती त्यात साठवायची. कॉलरची बटणं, पांढरी, बारीक, गोल. तिने एक उचललं, पुडीत ठेवलं, घडी घातली, पुडी खिशात. गोळी आपल्या पदराला बांधली. हे सगळं झाल्यावर मग तिला कळलं की आपण काय केलं. हातच असे, काय सांगावं!

दुपारी जेवणाच्या सुटीत ती औषधांच्या दुकानात गेली. लाँड्रीजवळच्या नाही, चार गल्ल्या पलीकडच्या.

"ही कुटून दिली तर चालते का?" तिने विचारलं. "घरात एक म्हातारं माणूस आहे. गिळता येत नाही."

दुकानदाराने तिने बरोबर आणलेलं पाकीट चष्म्याजवळ नेलं. नाव वाचलं. "ही चालेल. पण सगळ्याच चालत नाहीत हं, काही गोळ्या कुटल्या तर घात होतो. वय काय त्यांचं?"

"चौपन्न."

"चौपन्नचं म्हातारं?" दुकानदार हसला.

"डोक्याने," ती म्हणाली आणि निघाली.

त्या रात्री सुपात पहिली गोळी गेली. त्याने वाटी तोंडाला लावली. तो प्यायला. मिशी पुसली. "आज मीठ बरोबर पडलंय," म्हणाला.

मग हेच रहाटगाडगं सुरू झालं. रात्री ती गोळी द्यायची. तो गिळल्याचं सोंग करायचा. सकाळी तो न्हाणीघरात गेला की पुडीत बटण. तो फिरायला जाऊन बटण फेकायचा आणि विजयी मुद्रेने परत यायचा. रात्री कालची गोळी सुपात, आजची गोळी त्याच्या हातात. एक दिवस मागे, पण एकही चुकलेली नाही.

पण तिला चैन म्हणून नव्हतं. कामावर इस्त्री हातात असताना मन घरी. आज त्याने पुडी उघडून बघितली तर? आज सूप अर्धंच प्यायला तर? एकदा पाहुणा आला आणि त्याने पाहुण्यालाच वाटी पुढे केली, "घ्या, हृदयाला चांगलं असतं," तेव्हा तिने वाटी अशी हिसकावली की पाहुणा दचकला. "गार झालंय," ती म्हणाली. वाटीतून वाफा निघत होत्या. रस्त्याने जाताना रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला की ती आहे तिथे थबकायची. दोनदा ती डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जाऊन रांगेत बसली आणि नंबर यायच्या आत उठून आली. काय सांगणार? नवरा मला फसवतो, म्हणून मी नवऱ्याला फसवते?

आणि सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे त्याचे पाय बरे झाले!

दहाव्या-बाराव्या दिवशीच जिने दोन-दोन पायऱ्या चढायला लागला. "बघ," मांडीवर थाप मारून म्हणाला, "लोण्यासारखे चालतात." ती बघतच राहिली. गोळी तर पोटात जात होती, रोजच्या रोज. मग पाय दुखत होते ते कशाने? आणि थांबले ते कशाने? नुसत्या गोळीच्या धसक्याने? तिला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पाणीही आलं, आणि ते बघून तो म्हणाला, "अगं, रडतेस काय, बरा झालो मी!"

पाचव्या आठवड्यात ठोकळ्यांनी रंग बदलला. पांढऱ्या अंगावर फोड आले आणि मग तपकिरी डाग पडायला लागले. ते तसंच असतं. पार्सलबरोबरच्या चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं की ही तपकिरी साल आपोआप धरते, झाडाच्या सालीसारखी, आणि तीच आतल्या बुरशीला जपते. महिना-दीड महिना ठोकळ्याला फक्त पडू द्यायचं, हात लावायचा नाही. पण चिठ्ठी वाचणार कोण? उंटावरचे शहाणे! तीस वर्षं लोखंडात हात घातलेल्या माणसाने तपकिरी रंग बघितला आणि त्याला एकच गोष्ट सुचली. गंज.

ती संध्याकाळी घरी आली, तेव्हा न्हाणीघरातून खर्रखर्र आवाज येत होता. आत महाशय पाटावर बसून तारेच्या ब्रशने ठोकळा घासतायत! पिशवी फाडलेली, साल खाली पडलेली, ठोकळा गोरापान.

"काय करताय हे?"

"गंजला होता. वेळेवर लक्ष दिलं म्हणून वाचला." आणि कार्डावर लिहिलं, "साफ केले", सही.

तिने चिठ्ठी आणून त्याच्या नाकासमोर धरली. त्याने ती दोनदा वाचली. दुसरा ठोकळा त्याने हळूच परत स्टुलावर ठेवला आणि ब्रश मागे लपवला. घासलेल्या ठोकळ्यावर चारच दिवसांत हिरवी बुरशी चढली, वास सुटला, आणि तो घरापासून लांब नेऊन टाकावा लागला. त्या दिवशी तो जेवला नाही नीट. सूप मात्र प्यायला, देवाची कृपा.

दुसऱ्या ठोकळ्याची जबाबदारी मग तिनेच घेतली. फवारणी ती करायची, सकाळ-संध्याकाळ. खिडकी किलकिली ठेवायची, कारण अळंबीलाही मोकळी हवा लागते. चांगला सगळीकडून तपकिरी झाल्यावर पिशवी काढली, आणि चिठ्ठीत होतं तसं बादलीभर थंड पाण्यात दिवसभर बुडवून ठेवला. बाहेर काढून त्याला चार थापट्या मारायच्या होत्या, म्हणजे म्हणे तो जागा होतो. हे काम तिने नवऱ्याला दिलं. त्याने इतक्या प्रेमाने थापटलं की स्टूल हललं.

आठवड्याभरात गाठी फुटल्या. मग छत्र्या उघडल्या, रोज सकाळी कालच्यापेक्षा मोठ्या. चौदा शिताके. तो न्हाणीघराच्या दारात खुर्ची टाकून बसायचा. आणि तिला, खोटं कशाला बोला, तिलाही आनंद झाला. इतके दिवस या घरात सगळंच खोटं चाललं होतं. ही चौदा मात्र खरी होती, हाताने उगवलेली. तिने ती कापून चांगली दहा मिनिटं शिजवली, कारण कच्ची खाल्ली तर काहींच्या अंगावर चाबकाने मारल्यासारखे वळ उठतात असंही चिठ्ठीत होतं. आणि मग कुटलेली गोळी घातली.

रक्ताचा रिपोर्ट आला तो बहात्तराव्या दिवशी. बटणं ती मोजत होती, म्हणून दिवस पक्का. तिने मनाशी ठरवलं होतं, रिपोर्ट आला की सांगून टाकायचं. चांगला आला तर राग कमी येईल.

रिपोर्ट चांगला नव्हता, उत्तम होता. डॉक्टरीणबाईंनी आकडे बघून मान डोलावली. "छान. गोळी लागू पडली."

तो मिशीत हसला. "मशरूम खातो मी रोज. घरी पिकवलेली."

"खा की. चांगलंच असतं. पण गोळी चालूच ठेवायची."

"हो तर," तो म्हणाला, अगदी शहाण्या मुलासारखा. तिला वाटलं, आत्ता जमीन फाटावी. आत्ताच बोलावं, इथेच. तिने तोंड उघडलंही. पण तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शिडी चढायला हरकत नाही," आणि त्याचा चेहरा असा झाला, असा झाला की तिने उघडलेलं तोंड मिटलं. रस्त्यात, भर गर्दीत, त्याने तिचा हात धरला. लग्नानंतर पहिल्या वर्षी धरला असेल तेवढाच. आता हे कसं मोडायचं?

उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, तसं सगळं श्रेय अळंबीच्या नावावर जमा होत गेलं, आणि तो ज्याला-त्याला सांगत सुटला. दूधवाल्याला, शेजाऱ्यांना, कंपनीत फोन करून-करून. ती म्हणायची, "अहो, कशाला सगळ्यांना?" तो म्हणायचा, "लोकांचं भलं होईल गं."

अकरा दिवसांनी, रविवारी सकाळी, बारक्या घरी आला. दारातून आत यायला त्याला तिरकं व्हावं लागलं. कामाला परत येणाऱ्या जोडीदारासाठी त्याने नवी टॉर्च आणली होती. खुर्चीत बसला तेव्हा धापा टाकत होता, आणि चेहरा लालभडक, भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसासारखा.

"चहा टाका वहिनी," तो म्हणाला. "आणि तो ठोकळा कुठून मागवायचा ते लिहून द्या. मीपण सुरू केलंय."

"काय सुरू केलंय?"

"शिताके. वाळकी आणली दुकानातून. आणि प्रेशरच्या गोळ्या दिल्या फेकून. उस्तादांनी सांगितलं ना, गोळ्या न घेता कसे खणखणीत झाले ते! अकरा दिवस झाले. जरा कान वाजतात आणि डोकं दुखतं सकाळी, पण उस्ताद म्हणतात, औषध अंगातून निघताना होतं तसं."

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. बायकोसमोर बिंग फुटलं म्हणून ओशाळला होता, पण फारसा नाही. जिंकलेला माणूस कितीसा ओशाळणार?

गेल्या वर्षी याच बारक्याला प्रेशरने चक्कर आली होती आणि तो मशीनरूमच्या उंबऱ्यात आडवा झाला होता. उंबऱ्यात, म्हणून वाचला. परवापासून हे दोघे शाफ्टमध्ये. खाली तिचा नवरा, वर शिडीवर कान वाजणारा बारक्या.

"बारक्याभावजी," ती म्हणाली, "यांनी एकही गोळी चुकवलेली नाही."

"अगं, आता लपवून काय उपयोग," नवरा म्हणाला. "चुकवली मी. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. गेला महिनाभर..."

"महिनाभर नाही, पहिल्यापासून. मला माहीत आहे. त्र्याऐंशी दिवस मी त्या सुपात घालतेय."

नवरा हसला. "काहीतरीच! रोज सकाळी मी स्वतःच्या हाताने फेकतो."

"आज फेकलीत?"

"अजून बाहेर कुठे गेलोय."

"मग काढा. त्या खिशातली पुडी काढा आणि उघडा."

त्याने चिमुकल्या खिशात दोन बोटं घातली. पुडी काढली. उघडली. तळहातावर कॉलरचं बटण होतं, चार भोकांचं. तो ते बोटाने उलटवून बघायला लागला, जणू पलीकडून तरी ते गोळी निघेल. बारक्या पुढे वाकला, आणि त्याला हसू फुटलं. इतकं मोठ्याने हसला की खुर्ची करकरली. आणि मग एकदम थांबला, कारण हसताना त्याचा हात आपोआप डोक्याकडे गेला होता.

"म्हणजे मशरूम..." तो म्हणाला.

"मशरूम चांगली आहेत, भावजी. खा. पण गोळ्या आज, आत्ता. घरी नका जाऊ, आधी दवाखान्यात जा. रिक्षाने. जिना हळू उतरा."

बारक्या गेला. टॉर्च टेबलावर राहिली. खालून रिक्षाचा आवाज येऊन विरेपर्यंत ती खिडकीत उभी होती, कारण मागे वळून बघायचा धीर नव्हता.

"माझे पाय," तो म्हणाला. "माझे पाय तर थांबले होते दुखायचे."

"तुमच्या पायांना माहीत नव्हतं."

त्याने मांडीवर हात ठेवला. थोडा वेळ गेला, आणि तो मांडी चोळायला लागला. खरंच चोळायला लागला, तिच्या डोळ्यांदेखत. दुसरी वेळ असती तर ती हसून-हसून लोळली असती.

"तू मला फसवलंस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"आणि तुम्ही? रोज रात्री माझ्यासमोर पाणी पीत होतात ते?"

"मी माझ्या जिवाशी खेळत होतो. तू माझ्या ताटाशी खेळलीस."

"तुमचा जीव तुमचा एकट्याचा आहे का?" आता तिचा बांध फुटला. डॉक्टरीणबाई गेल्या चुलीत. "त्र्याऐंशी दिवस मी झोपले नाही धड! इस्त्री हातात असायची आणि कानात रुग्णवाहिका! मी भीत होते, कळतंय का? तुम्ही मराल म्हणून भीत होते, आणि बोलले तर मराल म्हणूनही भीत होते. तुम्ही मला एकदा विचारायचं होतं. पाय दुखतात, दुसरी गोळी मागूया का, एवढं म्हणायचं होतं. मी आले असते ना बरोबर."

बटण त्याने टेबलावर ठेवलं आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं.

बारक्याला दवाखान्यात एक दिवस ठेवून घेतलं. प्रेशर इतकं चढलं होतं की नर्सने दोनदा मोजलं. पण वेळेवर गेला, म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी नवरा आपणहून डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि सगळं सांगून आला. त्यांनी त्याला झापलं, आणि मग फोन करून तिलाही झापलं. "दुसरी कुठली गोळी असती आणि तुम्ही अशी कुटून घातली असती, तर?" ती म्हणाली, "हो." दुसरं काय म्हणणार? खरंच होतं ते.

तो कामाला गेला. आता गोळी तो स्वतः घेतो, स्वतःच्या हाताने पाकिटातून काढून, आणि पाय कधी दुखतात, कधी नाही. ठोकळ्याला परत बहर आला. आता फवारणी तोच करतो. भांडण झालं नाही, अबोला झाला नाही. कुणी बाहेरचं बघेल तर म्हणेल, काय सोन्यासारखा संसार आहे.

कामावरून आल्यावर तो हात धुऊन जेवायला बसतो. ती ताट वाढते, वाटीत सूप ओतते, वाटी त्याच्यासमोर ठेवते. तो वाटीकडे बघतो. मग दोन बोटांनी ती हळूच तिच्याकडे सरकवतो.

"आधी तू," म्हणतो.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, थट्टा करतोय. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. थट्टा नव्हती. रागही नव्हता. तिने चमचा बुडवला आणि एक घोट घेतला. तो तिच्या घशाकडे बघत होता, खाली उतरेपर्यंत. मग त्याने वाटी आपल्याकडे ओढली.

रोज तेच. ती रोज पहिला घोट घेते. आणि रोज, तो वाटी ओढून घेईपर्यंत, तिचा श्वास अडकलेला असतो.